शाळेत मुलाला कुणी छळत असेल तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालक, शिक्षक आणि कधी कधी मुलंही जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं महाराष्ट्रातल्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. मूल ‘जगायचं नाही’ असं बोलत असेल, तर बाकी सगळं सोडून आधी प्रश्न १४ वाचा.

१. मुलं एकमेकांना चिडवतातच. मग छळ नेमका कशाला म्हणायचा?

तीन गोष्टी एकत्र आल्या की तो छळ: त्रास मुद्दाम दिलेला असतो, तो पुन्हा पुन्हा होतो आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसतं. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७० च्या दशकापासून हा विषय अभ्यासला. त्यांची ही कसोटी आजही जगभर वापरली जाते. बळ म्हणजे नुसते दंड नव्हेत. चौघं विरुद्ध एक, दहावीतला विरुद्ध सहावीतला, मॉनिटर, गावात वट असलेल्या घरातला मुलगा, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलगी, ही सगळी बळाचीच रूपं.

बॅटिंग कुणाची यावरून दोघं एकमेकांची गचांडी धरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र खेळतात, ते भांडण. तेच चौघं रोज एकाच मुलाला फक्त चेंडू आणायला पळवतात, बॅट कधीच देत नाहीत आणि त्यानं नाही म्हटलं की टपल्या मारतात, तो छळ. शंका असेल तर स्वतःला विचारा: उद्या हाच प्रकार उलट्या दिशेनं होऊ शकेल का? आणि ‘थांब’ म्हटल्यावर समोरचा थांबतो का? दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असेल, तर ती मस्करी राहिलेली नाही.

एकदाच घडलेला पण गंभीर प्रकार, उदाहरणार्थ कपडे उतरवून काढलेला व्हिडिओ, ‘एकदाच झालं’ म्हणून सोडायचा नाही.

२. माझ्या मुलीला कुणी मारत नाही, फक्त वर्गात कुणी तिच्याशी बोलत नाही. हाही छळ आहे का?

हो. दोन मैत्रिणींची कट्टी दोन दिवसांत सुटते. पण एकीच्या सांगण्यावरून सगळ्या वर्गानं एका मुलीशी बोलणं बंद केलं, तर ते वाळीत टाकणं आहे. डबा खायचं कोंडाळं ती आली की उठतं, प्रकल्पाच्या गटात तिला कुणी घेत नाही, ती बोलली की बाकीच्या एकमेकींकडे बघून हसतात. अंगावर वळ नसल्यामुळे शाळा हा प्रकार सगळ्यात उशिरा मान्य करते.

शिक्षकांच्या हातात इथे एक साधा उपाय आहे. गट आणि बाकावरच्या जागा मुलांना निवडू देऊ नका, तुम्ही ठरवा आणि दर दोन आठवड्यांनी बदला. ‘आपापले गट करा’ या एका वाक्यानं एकट्या पडलेल्या मुलीची सगळ्या वर्गासमोर दर वेळी नव्यानं शोभा होते.

३. मूल काहीच सांगत नाही. ओळखायचं कसं?

पाण्याची बाटली बघा. सकाळी भरून दिलेली बाटली संध्याकाळी जवळजवळ भरलेलीच परत येत असेल आणि मूल घरात शिरताच बाथरूमकडे धावत असेल, तर ते दिवसभर शाळेचं स्वच्छतागृह टाळतंय. कदाचित तिथे घाण असेल, कदाचित तिथे कुणीतरी अडवत असेल. दोन्ही शक्यता तपासण्यासारख्या आहेत.

डबा रिकामा असूनही मूल भुकेनं कासावीस होऊन येणं, आठवड्याला दोन-तीन पेन-पट्ट्या हरवणं, रविवारी संध्याकाळपासून पोटात दुखणं आणि सुट्टीत ते पूर्ण थांबणं, नेहमीचा रस्ता सोडून लांबून येणं, बस असताना ‘मी चालत जातो’ म्हणणं, मोबाईल वाजला की दचकणं याही खुणा आहेत. यातली एखादी खूण पुरावा ठरत नाही. दोन-तीन एकत्र दिसल्या आणि दोन आठवडे टिकल्या, तर बोलायला हवं.

‘तुला कुणी त्रास देतं का?’ असं थेट विचारलं की बहुतेक मुलं ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. त्यापेक्षा विचारा: मधल्या सुट्टीत तू कुठे असतोस? डबा कुणाबरोबर खाल्लास? वर्गात सगळ्यात जास्त कुणाला चिडवतात? हे बोलणं समोरासमोर बसून करण्यापेक्षा भाजी निवडताना किंवा स्कूटरवरून जाताना करा. नजरेला नजर नसली की मुलांना सांगणं सोपं जातं.

४. मुलानं सांगितलं. आता पहिल्याच दिवशी काय करायचं?

पूर्ण ऐकून घ्या. ‘पण तू काय केलं होतंस?’ हा प्रश्न त्या दिवशी तोंडातून काढू नका. तो ऐकला की मूल पुढचं सांगत नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही’ एवढं म्हणा. कुणालाच सांगणार नाही, असं वचन मात्र देऊ नका, कारण ते पाळता येणार नाही. त्याऐवजी, ‘तुला विचारल्याशिवाय पाऊल उचलणार नाही’ असं सांगा आणि तसं वागा.

मूल झोपलं की वहीत लिहून काढा. कोण, कुठे, कधी, काय, कुणी पाहिलं. मुलाचे शब्द जसेच्या तसे लिहा, शिवीसुद्धा. फाटलेला शर्ट धुऊ नका, आधी फोटो काढा. लागलं असेल तर डॉक्टरांकडे जा आणि केसपेपरवर कारण लिहून घ्या.

दुसऱ्या मुलाच्या आईवडिलांना रागाच्या भरात फोन करू नका. वर्गाच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नाव टाकणं तर मुळीच नको. तिथे दहा मिनिटांत दोन तट पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याची किंमत तुमचं मूल वर्गात मोजतं.

५. ‘तूही दे एक ठेवून’ असं मुलाला सांगू का?

नको. बळ सारखं असतं तर छळ सुरूच झाला नसता. शिवाय तीन महिने दिलेले टोमणे कुणी पाहिलेले नसतात आणि हे एक ठेवून देणं मात्र सगळ्यांना दिसतं. मग डायरीत शेरा तुमच्याच मुलाच्या नावावर येतो.

शिकवायचं असेल तर हे शिकवा: एक छोटं वाक्य ठरवायचं (‘बास. मला हे आवडत नाही.’), ते मोठ्यानं पण न रडता म्हणायचं आणि लगेच माणसं असतील तिकडे चालू लागायचं. घरी आरशासमोर दहा वेळा सराव करून घ्या. थिजलेल्या क्षणी सराव केलेलंच वाक्य तोंडून निघतं. कराटेच्या वर्गाला जरूर घाला, त्यानं अंगात धीर येतो, पण छळ थांबवण्याची जबाबदारी मुलाच्या मुठीवर टाकू नका.

६. शाळेत तक्रार कशी करायची, म्हणजे ती गांभीर्यानं घेतली जाईल?

आधी वर्गशिक्षकांना भेटा. त्याच दिवशी मुख्याध्यापकांच्या नावे लेखी अर्ज द्या, दोन प्रती घेऊन जा आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घ्या. तोंडी तक्रारीची कुठेच नोंद राहत नाही.

‘माझ्या मुलाला फार त्रास होतो’ असं लिहिलं तर शाळा ‘लक्ष ठेवतो’ म्हणते आणि विषय संपतो. असं लिहा: ‘८ जुलै, मधली सुट्टी, साधारण ११ वाजून १० मिनिटं, दुसऱ्या मजल्यावरचं मुलांचं स्वच्छतागृह. इयत्ता आठवीतल्या तिघांनी दार बाहेरून लावून घेतलं. शिपाईकाकांनी उघडलं. याआधी १ आणि ३ जुलैला असंच घडलं.’ खाली मागण्या लिहा: त्या वेळेत त्या मजल्यावर शिक्षक हवेत, मुलाला सांगायला एक ठरावीक व्यक्ती हवी, आणि केलेली कारवाई ७ दिवसांत लेखी कळवावी. सीसीटीव्ही असेल तर त्या तारखेचं चित्रीकरण जपून ठेवण्याची विनंती पहिल्याच अर्जात करा. जुनं चित्रीकरण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

राज्य शासनाच्या आदेशानुसार शाळेत तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (मुलांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) असायला हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या लैंगिक अत्याचाराची घटना उघड झाल्यानंतर शासनानं यावर पुन्हा जोर दिला. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समितीही असते. तिचे तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, त्यामुळे विषय तिथे मांडता येतो. सीबीएसईच्या शाळांना बोर्डानं २०१५ मध्येच छळविरोधी समिती नेमायला सांगितलं आहे. ती आहे का, हे विचाराच.

शाळेनं काहीच केलं नाही तर गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी, मुंबईत शिक्षण निरीक्षक. त्यापुढे महाराष्ट्र राज्य बाल हक्क संरक्षण आयोग. प्रत्येक अर्जासोबत आधीच्या अर्जाची पोच जोडा. मदतीसाठी १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास आणि मोफत आहे. मूल स्वतःही फोन करू शकतं.

७. शाळेनं दोघांना समोर बसवून ‘सॉरी’ म्हणायला लावलं. पण त्रास वाढला. असं का?

आमच्या मते शाळांकडून होणारी सगळ्यात मोठी चूक हीच आहे. हेतू चांगला असतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा होते. समेट भांडणात चालतो, कारण तिथे दोघांचं काहीतरी चुकलेलं असतं आणि दोघांना काहीतरी सोडायचं असतं. छळात एकाच बाजूला थांबायचं असतं. मुख्याध्यापकांच्या खोलीत त्रास देणाऱ्यासमोर बसवलेलं मूल घाबरून ‘आता काही नाही’ म्हणतं, हात मिळवले जातात आणि फाइल बंद होते. जिन्यावरच त्याला ऐकवलं जातं, ‘बाईंना नाव सांगतोस काय?’

योग्य क्रम असा. आधी त्रास सोसणाऱ्या मुलाशी एकट्याशी बोला. मग त्रास देणाऱ्यांशी एकेकट्याशी, आणि तेही सलग, म्हणजे त्यांना आपसात ठरवायला वेळ मिळत नाही. माहिती कुणाकडून आली ते सांगू नका. ‘अनेकांनी पाहिलंय’ म्हणा. काय थांबायला हवं ते नेमकं सांगा. तिसऱ्या दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं पुन्हा विचारा आणि तारखा वहीत लिहा. बहुतेक प्रकरणं पहिल्या भेटीनंतर नव्हे, तर पुढची विचारपूस न झाल्यामुळे बिघडतात. माफी मनापासून आली तर नंतर, आणि सोसणाऱ्याची तयारी असेल तरच.

८. मी शिक्षिका आहे. डोळ्यांसमोर घडलं तर त्या क्षणी काय करू?

दोघांच्या मध्ये उभ्या राहा. शांत आवाजात जे पाहिलं ते म्हणा: ‘तू त्याचं दप्तर खिडकीबाहेर टाकलंस. हे आपल्या शाळेत चालत नाही.’ कारणं तिथे विचारू नका, सगळ्यांसमोर चौकशी झाली की तो तमाशा होतो. सोसणाऱ्या मुलाला सगळ्यांदेखत कुरवाळूही नका, नंतर बाजूला घ्या. बघ्यांना वर्गात पाठवा. दिवस संपायच्या आत दोन ओळींची नोंद करा. सहा महिन्यांनी तीच दोन नावं तिसऱ्यांदा वहीत दिसली, की चित्र स्पष्ट होतं.

वर्गात टोपणनावं चालू असतील तर तुम्ही कधीही ती वापरू नका. ‘ए जाड्या, फळा पूस’ हे शिक्षकांच्या तोंडून प्रेमानं आलं, तरी वर्गाला त्यातून परवानगी मिळते.

९. बाकीची मुलं नुसती बघत का राहतात? त्यांना काय शिकवायचं?

कारण त्यांना वाटतं, मध्ये पडलो तर उद्या आपली पाळी. फिनलंडच्या क्रिस्टिना साल्मिवाली यांनी १९९६ मध्ये दाखवून दिलं, की छळात सगळा वर्ग सामील असतो: साथ देणारे, हसून चढवणारे, बाजूला राहणारे आणि पाठीशी उभे राहणारे. कॅनडात डेब्रा पेप्लर आणि वेंडी क्रेग यांच्या गटानं मैदानांवर चित्रीकरण करून २००१ मध्ये नोंदवलं, की दर दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगांत दुसरी मुलं हजर होती. त्यांच्यापैकी कुणी मध्ये पडलं, तर निम्म्याहून जास्त वेळा प्रकार दहा सेकंदांत थांबला.

म्हणून सगळी ताकद इथे लावा. प्रत्येक मुलाला हिरो व्हायची गरज नाही. न हसणं, तिथून निघून जाणं, सोसणाऱ्याला ‘चल, पाणी प्यायला’ म्हणून हाताला धरून नेणं, नंतर त्याच्या शेजारी बसणं, मोठ्यांना सांगणं, यातलं काहीही एक पुरे.

‘चहाडी करू नको’ हे आपल्याकडे मुलांवर लहानपणापासून ठसवलं जातं. फरक असा समजावा: कुणाला शिक्षा व्हावी म्हणून सांगितली ती चहाडी, कुणाची सुटका व्हावी म्हणून सांगितलं ती मदत. तिसरी-चौथीच्या मुलांनाही हे लगेच कळतं.

१०. शाळेत हे प्रकार कुठे घडतात ते कसं शोधायचं?

शाळेचा कच्चा नकाशा काढा: वर्ग, जिने, स्वच्छतागृहं, नळ, मैदान, सायकल स्टँड, फाटक. प्रत्येक मुलाला नाव न लिहिता ‘जिथे मला भीती वाटते’ तिथे लाल ठिपका द्यायला सांगा. पाचवी ते नववीचे वर्ग पुरे, पंचवीस मिनिटं लागतात. सगळे नकाशे एकावर एक मांडले की ठिपक्यांची दाटी होते. बऱ्याचदा जागा दोन-तीनच निघतात आणि वेळाही ठरलेल्या: मधली सुट्टी, पी.टी.नंतर कपडे बदलताना, शाळा सुटल्यावरची दहा-पंधरा मिनिटं. शिक्षकांच्या पाळ्या तिथे लावा. सगळ्या मैदानावर फिरणाऱ्या एका शिक्षकापेक्षा नेमक्या जिन्यावर उभा असलेला एक शिक्षक जास्त उपयोगी पडतो. स्कूल बसमध्ये लहानांना पुढे बसवा, मागची सीट मोठ्यांची जहागीर होऊ देऊ नका.

११. माझंच मूल इतरांना त्रास देतं, अशी तक्रार आली आहे. काय करू?

‘आमचा असा नाहीच’ हे वाक्य गिळून टाका आणि तपशील विचारून लिहून घ्या. घरी मारू नका. बळ असलं की दुसऱ्याला दुखवता येतं, हाच धडा त्यातून पक्का होतो. सरळ सांगा: हे थांबायला हवं, आजपासून. मग भरपाई ठरवा, त्याच्या हातानं होणारी: फाडलेली वही लिहून देणं, मोडलेल्या कंपासपेटीचे पैसे खाऊच्या पैशातून देणं. मग शोधा, हे आलं कुठून. घरात कुणी त्याला घालूनपाडून बोलतं का? तो आधी कुणाकडून सोसत होता का? अशी मुलं बरीच असतात आणि त्यांना शिक्षेइतकीच मदतीचीही गरज असते. शाळेकडून महिनाभर दर शुक्रवारी दोन ओळींचा निरोप मागवा.

१२. व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्रामवर त्रास देतात. शाळा म्हणते, ‘हे शाळेबाहेरचं आहे.’

मुलं शाळेतलीच आहेत आणि परिणाम वर्गात होतो, त्यामुळे शाळेला हात झटकता येत नाहीत. अर्ज प्रश्न ६ प्रमाणेच करा.

पुरावा आधी, ब्लॉक नंतर. स्क्रीनशॉटमध्ये नुसतं नाव नको, नंबर किंवा खात्याचं नाव, तारीख आणि वेळ दिसायला हवी. व्हॉट्सॲपवर रिपोर्ट करण्याआधी हे करून ठेवा, कारण रिपोर्ट करताना चॅट पुसलं जाऊ शकतं. प्रायव्हसी सेटिंगमध्ये ग्रुपला कोण जोडू शकतं ते ‘माझे संपर्क’वर आणा. इन्स्टाग्रामवर ब्लॉक केलं की समोरच्याच्या ते लक्षात येऊ शकतं आणि तो वर्गात बदला घेतो. तिथे ‘रिस्ट्रिक्ट’ वापरा: त्याच्या नव्या कमेंट फक्त त्यालाच दिसतात आणि त्याला कळवलं जात नाही.

फोन काढून घेणं ही मुलाला सगळ्यात मोठी शिक्षा वाटते. त्या भीतीनंच मुलं सांगत नाहीत. सांगितल्याबद्दल फोन जाणार नाही, हे आधीच कबूल करा.

नग्न किंवा लैंगिक फोटो फिरत असेल तर तो ‘पुरावा’ म्हणूनही कुणाला पुढे पाठवू नका. खात्याचं नाव आणि लिंक लिहून घ्या, पोलिसांकडे जा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा १८ वर्षांखालच्यांच्या अशा फोटोचा डिजिटल ठसा बनवते, आणि सहभागी कंपन्या त्यावरून फोटो शोधून काढून टाकतात. फोटो फोनमधून बाहेर जात नाही.

१३. कायदा काय म्हणतो? पोलिसांत जावं का?

महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंध कायदा फक्त कॉलेजांपुरता आहे, हा गैरसमज आहे. त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या व्यापक आहे, वसतिगृह आणि शिकवणी वर्गही तीत येतात. छेडणं, शिवीगाळ, धमकी, मनाविरुद्ध काही करायला लावणं हे सगळं त्यात मोडतं. लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखानं ७ दिवसांत चौकशी करायची असते. टाळाटाळ केली तर त्यानं गुन्ह्याला चिथावणी दिली, असं कायदा मानतो. हा कायदा अर्जात नमूद केला की उत्तर लवकर येतं.

तरी पाचवीतल्या मुलाविरुद्ध पोलीस ठाणं ही पहिली पायरी नसावी. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही, आणि अठरापर्यंतच्या मुलांची प्रकरणं बाल न्याय मंडळापुढे जातात. गंभीर इजा, खंडणी, शस्त्र किंवा लैंगिक प्रकार असेल तर थांबू नका. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांनाच भेटायला मागा.

लैंगिक प्रकाराबाबत एक गोष्ट शिक्षकांनी पक्की लक्षात ठेवावी. चड्डी ओढणं, गुप्तांगाला हात लावणं हे ‘मुलांची मस्करी’ म्हणून दाबून टाकलं जातं. लैंगिक गुन्हा घडल्याचा अंदाज आला, तरी मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. जातीवरून हिणवणं किंवा अपंग मुलाचा अपमान करणं यांसाठीही वेगळे कायदे आहेत. अर्जात तो शब्द जसाच्या तसा लिहा, ‘अपशब्द वापरले’ एवढ्यावर थांबू नका.

१४. मूल म्हणतं, ‘मला जगायचं नाही.’ धमकी देतंय की खरं?

खरं धरा. एकटं सोडू नका. औषधं, फिनाइल, कीटकनाशक, दोरी हाताशी राहणार नाही असं बघा. ‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?’ असं स्पष्ट विचारा. विचारल्यानं कल्पना डोक्यात भरत नाही, उलट ओझं हलकं होतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शाळा त्या दिवशी बुडू द्या.

१५. त्रास देणारे शिक्षकच असतील तर?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. ‘आरटीईवाले उभे राहा’, ‘फी न भरलेल्यांनी मागे बसा’ अशी वाक्यं मानसिक छळाच्या नोंदीत लिहा. अर्ज थेट मुख्याध्यापकांकडे आणि प्रत शिक्षणाधिकाऱ्यांकडे. तीन-चार पालकांनी एकत्र सही केली तर एका मुलावर राग निघण्याची शक्यता कमी होते.

१६. मूल आश्रमशाळेत किंवा वसतिगृहात आहे. भेट महिन्यातून एकदाच होते.

इथे छळाला रात्र मिळते. मोठी मुलं लहानांकडून कपडे धुऊन घेतात, घरून आणलेला चिवडा काढून घेतात, झोपू देत नाहीत. फोन अधीक्षकांच्या टेबलावरूनच होत असेल, तर मूल मोकळं बोलणार नाही. म्हणून घरीच एक खूण ठरवा: ‘आजीला नमस्कार सांग’ म्हटलं की ‘मला भेटायला या’. भेटीला गेलात की आवाराबाहेर चक्कर मारा आणि अंथरूण, पेटी, कुलूप स्वतः बघा. अधीक्षकांना विचारा, रात्री कोण असतं आणि लहान-मोठ्यांच्या खोल्या वेगळ्या आहेत का.

१७. शेवटी शाळाच बदलावी का?

मुलाला तिथे श्वास घेता येत नसेल तर हो, आणि त्यात हार मानण्यासारखं काही नाही. मात्र आधी लेखी तक्रार करून ठेवा, नाहीतर ‘त्यांनी स्वतःहून नेला’ एवढंच कागदावर राहतं. वर्षाच्या मध्ये दाखला द्यायला उशीर झाला, तरी आठवीपर्यंत तेवढ्या कारणावरून नव्या सरकारी किंवा अनुदानित शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. त्रास देणाऱ्या मुलालाही आठवीपर्यंत शाळा काढून टाकू शकत नाही, म्हणून ‘त्याला काढा’ या मागणीवर अडून बसू नका. तुकडी बदला, बस बदला, अशी मागणी करा. तुकडी बदलायची तर त्रास देणाऱ्याची, सोसणाऱ्याची नव्हे.

नव्या शाळेत पहिल्या दिवसाआधी मुलाला एकदा रिकाम्या वर्गात नेऊन आणा आणि शेजारच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाशी आधीच ओळख करून द्यायला वर्गशिक्षकांना सांगा. जुन्या शाळेतलं काय सांगायचं, काय नाही, हे मुलालाच ठरवू द्या.